मास्कच्या खोक्यावर तुमचं नाव नाही, ताई

रविवार, तुमच्या गंधमुक्तीचा, सुतक फिटायचा दिवस. जेवणं आटोपून मांडव रिकामा होत आला तेव्हा सटाण्याला तुमच्या घरी, पुढच्या खोलीत, रक्कम ठरली: एकवीस हजार. हजर होते तुमचे दीर बापू, तुमची वैशाली, तिचा नवरा नितीन, तुमचा भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि मी. ठराव बापूंचा. नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात तुम्ही अकरा महिने किमो घ्यायला जात होतात, तिथे तुमच्या स्मरणार्थ पाण्याचा कूलर द्यायचा. त्यावर स्टीलची पाटी, पाटीवर तुमचं नाव, खाली देणाऱ्यांची.

मी म्हटलं, तिथे तीन कूलर आहेत. तिन्हींवर पाट्या आहेत. एकाला पाणी येत नाही, पाटी मात्र चकचकीत आहे.

"मग तुम्हीच सांगा मामी, काय द्यायचं?" बापू म्हणाले. वैशालीची मामी म्हणून तुमच्या सासरी सगळे मला मामीच म्हणतात.

"मास्क. किमोच्या खोलीच्या दाराशी ठेवायचे. येणाऱ्याला फुकट घेता येतील असे, निदान वर्षभर पुरतील इतके."

बापू हसले. "मास्कच्या खोक्यावर कुणी नाव घालतं का? लोक नाक पुसून फेकतील, आणि आमच्या वहिनीचं नाव कचऱ्यात जाईल." मग हसू आवरून म्हणाले, "राग मानू नका, पण आज बोलतोच. त्या मास्कपायी वहिनीला माणसं धड भेटली नाहीत. एकुलता एक जावई, तोसुद्धा तुमच्या मास्कपायी उपाशी परत गेला. आणि एवढं सगळं करून शेवटी गेल्याच ना त्या?"

नितीन मोबाइलकडे बघत होता. वैशाली पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. तुमचा भाऊ भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत राहिला, जणू उत्तर फोटोने द्यायचं होतं.

मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन."

ताई, आपलं ठरलं होतं, तसंच मी म्हटलं.

घरी आल्यापासून मात्र बापूंचा तो शेवटचा प्रश्न कानातून जात नाही. एवढं सगळं करून शेवटी गेल्याच ना. जणू मास्क मरणावरचं औषध होतं आणि मी ते विकत होते. तुम्ही मास्कमुळे वाचला नाहीत, हे मला मान्य आहे. मास्कमुळे गेलाही नाहीत. आजार पसरला म्हणून गेलात. डॉक्टरांनी हे मराठीत, आपल्या सगळ्यांसमोर, दोनदा सांगितलं होतं. छत्री घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला गाडीने उडवलं, तर छत्रीला कुणी दोष देत नाही. मग माझ्या त्या डब्याला का?

तो डबा तुम्हाला आठवत असेल. स्टीलचा, गोल, पूर्वी त्यात मी रवा ठेवायचे. पहिल्या किमोनंतर मी तो आमच्या दाराशी स्टुलावर मांडला, आत मास्क, शेजारी हात धुवायची बाटली.

पहिल्या किमोच्या वेळी तो नव्हता. तेव्हा तुम्ही नाशिकला आमच्याकडे राहायला आलात आणि चौथ्या दिवशी सटाण्याहून जीप भरून माणसं तुम्हाला भेटायला आली. आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे जायचंच, आणि उंबऱ्यावरून परत फिरायचं नाही. जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा, शहाळं आपल्या हाताने पाजायचं. त्यांच्यातली एक बाई बोलताना सारखी खोकत होती. "धुळीचा खोकला हाय, काय नाय," म्हणाली. पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप भरला. पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, आठवडाभर ॲडमिट राहिलात, दुसरा डोस तीन आठवडे पुढे गेला. तो ताप त्या बाईमुळेच आला असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. मी ते मोजलेलं नाही, आणि जे मोजलं नाही ते मी छातीठोक सांगत नाही. पण तो डोस पुढे गेला तेव्हा कॉटवर पडून छताकडे बघत तुम्ही मला विचारलंत, "सुनंदा, हे टाळता आलं असतं का गं?" मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून डबा ठेवला.

सुरुवातीला तुम्हीच चिडला होतात. "माझं तोंड बघायला येतात बिचारे, आणि तू त्यांचंच तोंड बांधतेस. मला चोरांनी घेरल्यासारखं वाटतं." तुमच्या चुलत जाऊबाई दारात म्हणाल्या होत्या, "आम्हाला काय रोग झालाय का?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही, ताईंना झालाय." त्या आल्या, बसल्या, आणि दोन मिनिटांत मास्क हनुवटीवर. सगळे तेच करत. गप्प बसायचे तेव्हा मास्क नाकावर, बोलायला लागले की खाली. शेवटी तुम्हीच ओरडलात, "बोलताना काढता आणि ऐकताना लावता! उलटं आहे का तुमचं? थुंकी कानातून उडते का?" खोली हसली. त्या दिवसापासून डबा माझा राहिला नाही, तुमचा झाला. दार वाजलं की कॉटवरून आवाज यायचा: "डबा बघितला का?"

एक गोष्ट मात्र तुम्ही बरेच दिवस माझ्यापासून लपवलीत. वापरून झालेले मास्क तुम्ही साबणाने धुऊन मागच्या गॅलरीत चिमट्यांना टांगायचात. खळ लावून वाळवलेल्या टोप्यांसारखे दिसायचे ते ओळीने. मी विचारलं तर म्हणालात, "चांगले आहेत की, फेकायचे कशाला?" काटकसरीच्या बाबतीत मी स्वतःला कुणाहून कमी समजत नाही, पण तिथे मीही हात टेकले. किमोच्या खोलीतल्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, धुतला की तो मास्क नाही, फडकं. तुम्ही त्या सगळ्या फडक्यांनी खिडकीच्या काचा पुसून घेतल्यात, आणि मगच फेकलीत.

आपली खरी भांडणं मास्क लावायचा की नाही यावर नव्हतीच. कधी लावायचा, यावर होती.

माझं म्हणणं सरळ होतं. दवाखान्याच्या फाटकात पाय टाकला की मास्क चढवायचा, फाटकाबाहेर आलं की उतरवायचा. मध्ये डोकं चालवायचं काम नाही. डोकं चालवायला दिलं की माणूस पहिल्यांदा स्वतःला सूट देतो. तुम्ही म्हणायचात, "फाटकाला काय कळतंय? समोर कोण बसलंय ते बघ की." तुमच्या मते खोकणाऱ्याने लावायचा, तो दवाखान्यात असो की किराणा दुकानात. तुमच्यासारखी माणसं बसतात त्या खोलीत सगळ्यांनी लावायचा, खोकला असो वा नसो. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या कोंदट वेटिंग रूममध्ये, जिथे ताप, खोकला, जुलाब सगळे एकाच बाकावर बसतात, तिथेही लावायचा. पण मोकळ्या पार्किंगमध्ये रिक्षाची वाट बघत एकटं उभं असताना? "तिथे कुणाला वाचवतेस? त्या झाडाला?"

गल्लीतल्या त्याच दवाखान्यातला एक दिवस मी कधी विसरणार नाही. बाकावर चार माणसं, मास्क लावलेल्या तुम्ही एकट्या. एक गृहस्थ इतके खोकत होते की बाक हलत होता. तुम्ही टेकलात, आणि बाकीचे तिघं सरकले. कुणापासून? तुमच्यापासून! सरकून सरकून त्या खोकणाऱ्या गृहस्थांना चिकटले. मास्कवाली म्हणजे हिलाच काहीतरी मोठं झालेलं असणार. वर ते गृहस्थच तुम्हाला विचारतात, "आजी, अजून करोना आहे का?"

"करोना गेला," तुम्ही म्हणालात. "तुमचा खोकला गेला का?"

मग पिशवीतून एक मास्क काढून त्यांच्यापुढे धरलात. त्यांनी तो घेतला, हे सांगायला हवं. लोक वाईट नसतात. कुणी सांगत नाही, म्हणून ते लावत नाहीत. सांगायचं धाडस बहुतेकांना होत नाही, मला होतं पण बोलण्यात गोडी नसते, तुमच्याकडे दोन्ही होतं.

आणि ते सुरगाण्याच्या आजींचं प्रकरण. ते आपण मिटवलंच नाही. जीपने तीन तास घाट ओलांडून यायच्या त्या, त्यांना ऐकू कमी यायचं. सिस्टर मास्कमधून त्यांना गोळ्या समजावत होत्या आणि आजी मान हलवत होत्या, हो हो, हो हो. तुम्ही सलाईन लावलेल्या हाताने सिस्टरांना खूण केलीत. "त्यांना काही कळलेलं नाही. त्या तुमच्या ओठांकडे बघतायत, आणि ओठ झाकलेत." सिस्टर आजींना बाहेर गॅलरीत घेऊन गेल्या, मोकळ्या हवेत लांब उभ्या राहिल्या, मास्क खाली घेतला आणि सगळं पुन्हा सांगितलं. तेव्हा आजींनी मान हलवायची सोडून प्रश्न विचारले.

मी रिक्षात म्हटलं, हे चुकलं. आज गॅलरीत काढला, उद्या खोलीत काढतील. नियमाला एक भोक पडलं की सगळं पाणी तिथूनच जातं. तुम्ही म्हणालात, "त्या आजीने गोळ्या उलट्या खाल्ल्या असत्या तर तुझ्या नियमाने काय केलं असतं? टाळ्या वाजवल्या असत्या?" नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबलेलं, आपला आवाज चढलेला. शेवटी रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "मावशी, तुमचं दोघींचं मिटलं की सांगा, तोवर मी द्वारकेला अजून एक चक्कर मारतो."

मिटलं नाही. मी अजूनही म्हणते, सूट देणं धोक्याचं आहे. पण आता हे म्हणताना समोरून टोला येत नाही, आणि टोल्याशिवाय माझं म्हणणं मलाच अर्धवट वाटतं.

आता तो दिवस, ज्याबद्दल बापू बोलले.

नितीन येणार म्हणून तुम्ही आदल्या दिवसापासून मला कामाला लावलं होतं. पुरणपोळी, तिच्याबरोबरची तिखट आमटी म्हणजे रसई, कुरडया. "जावई आहे, वरण-भातावर बोळवू नकोस." सकाळी तुम्ही आणि तुमचा भाऊ किमोला गेलात, मी घरी पुरण वाटत होते. नितीनने आधी हॉस्पिटलात तुम्हाला भेटायचं आणि मग तुम्हा दोघांना घेऊन जेवायला घरी यायचं, असं ठरलं होतं. पुढचं मला तुमच्या भावाने सांगितलं. नितीन आला तो नाक ओढत, डोळे लाल. तुमच्या खुर्चीजवळचं स्टूल ओढून बसला, तोंडाला काही नाही. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. सिस्टर बोलल्या नाहीत, कारण तुम्ही एवढ्या कौतुकाने "हे आमचे जावई" म्हणून ओळख करून दिली होती. तुमचा भाऊ बोलला नाही. जावयाला कोण बोलणार? ज्याचे पाय धुऊन आपण त्याला घरात घेतो, ज्याच्या ताटात पहिली पोळी पडते, त्याला तोंडाला फडकं बांध म्हणायचं? आपल्याकडे डब्यासमोर सगळी माणसं सारखी, फक्त जावई सोडून.

तुम्ही म्हणालात, "नितीनराव, मास्क लावा. नाहीतर बाहेर बाकावर बसा, मी तिथून दिसते."

तो लावून बसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो उठला, "येतो आई," म्हणाला, आणि तडक गाडी काढून सटाण्याला गेला. माझ्या पोळ्या तव्यावर, त्याचं ताट मांडलेलं, आणि फोनवर वैशाली रडते आहे की आईने चारचौघांत ह्यांचा अपमान केला.

तुम्ही घरी आलात, रिकाम्या ताटाकडे बघितलंत आणि तुमच्या माहेरच्या अहिराणीत म्हणालात, "मना जवाई शे म्हनीसन जंतू काय मान देतस का?" जावई आहे म्हणून जंतू मान देतात का! मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पाणी प्यायलात आणि म्हणालात, "सुनंदा, हे तुझ्यावर घे."

मला आधी कळलंच नाही.

"मामीने पढवून ठेवलं होतं, असं मी वैशालीला सांगते. नितीनने माझ्यावर राग धरला तर तो तिच्यावर काढेल, तिला त्या घरात राहायचंय. तुझ्यावर धरला तर कुणाचं काही जात नाही. तुला काय, तू वाईट दिसायला घाबरत नाहीस."

मी म्हटलं, चालेल. त्यात मोठेपणा काही नव्हता, हिशोब तुमचा बरोबर होता. एवढंच म्हटलं, की मास्क लावायला सांगणं चूक होतं असं मात्र मी कुणापुढे म्हणणार नाही. तुम्ही म्हणालात, "ते मी तरी कुठे म्हणते?"

त्यानंतर मी दोन लग्नांत आणि एका बारशात मास्कवाली मामी म्हणून टोमणे खाल्ले. "मामी आल्या, तोंडं झाका!" हसणारे हसले. वैशाली तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्यानंतरचा तुमचा डोस वेळेवर झाला, ताप आला नाही. तो मास्कमुळेच आला नाही असं मी म्हणणार नाही, एका वेळेवरून काही सिद्ध होत नाही. पण आला असता तर तुम्ही स्वतःला आणि नितीनने स्वतःला काय काय म्हटलं असतं, याचा विचार बापूंनी एकदा करून बघावा.

आणि माणसं भेटली नाहीत म्हणे! ताई, तुमच्या शेवटच्या दिवाळीला आपण सटाण्याला गेलो. डॉक्टरांनी पेशी बघून परवानगी दिली होती. तुम्ही ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून, उघड्या तोंडाने, दिवसभर बसलात. गाव येऊन गेलं. मी डबा काढला तर माझ्यावरच डाफरलात, "उघड्यावर कशाला? ठेव तो पिशवीत." बापूही होते तिथे, तुमच्याशेजारी, चकल्या खात. ते दिवस कुठून आले? ते असेच आले, एक एक डोस न चुकता.

एक गोष्ट राहते. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही वॉर्डात होतात. डॉक्टर म्हणाले होते, आता कुणालाही भेटू द्या, आता जंतूंची भीती धरून उपयोग नाही. त्या दुपारी तुमचा भाऊ वैशालीला आणायला गेला होता, आणि तुमच्याजवळ बसायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मला सर्दी होती. तुम्ही हाताने माझ्या मास्ककडे खूण केलीत आणि म्हणालात, "काढ आता. तोंड बघू दे तुझं."

तुमचा तो दुसरा नियम मला पाठ होता. मरणाऱ्याला आणि रडणाऱ्याला माणसाचं तोंड दिसू द्यावं, असं तुम्ही म्हणायचात. पण शेजारच्या कॉटवर ती कॉलेजातली मुलगी होती, नुकताच किमो झालेली, पेशी खाली गेलेली. दोन कॉटच्या मध्ये एक पडदा, तोही अर्धा. तुम्हाला धोका नव्हता, तिला होता. मी म्हटलं, "ताई, मला सर्दी आहे. शेजारी पोरगी आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पडद्याकडे बघितलंत. मग डोळे मिटलेत. रागाने मिटलेत, की पटलं म्हणून, की नुसत्या थकून, मला कळलं नाही. मी तुमचा हात धरून बसले, धुतलेल्या हाताने. संध्याकाळी वैशाली आली, तिने तोंड दाखवलं, तिला सर्दी नव्हती. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

त्या दुपारचं मला कुणी विचारत नाही, कारण कुणाला माहीत नाही. मीच स्वतःला विचारते. आणि दर वेळी उत्तर तेच येतं: पुन्हा तसंच करीन. तुमच्याच नियमाने करीन. खोकणाऱ्याने लावायचा, आणि समोर कोण आहे ते बघायचं. मी बघितलं. उत्तर बरोबर आहे म्हणून दुखायचं थांबतं, असं मात्र नाही. हे तुम्ही असतात तर तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही काहीतरी खोचक बोलला असतात. त्या खोचक बोलण्याची मला गरज आहे, ताई, आणि ते आता कुठेच मिळत नाही.

गंधमुक्तीनंतर तिसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला. थेट मला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"मामी, एक विचारू? त्या दिवशी जेवायला काय केलं होतं?"

"कोणत्या दिवशी?" मी उगाच म्हटलं.

"मी न जेवता गेलो त्या दिवशी."

"पुरणपोळी. रसई, कुरडया. तुमच्या वाटच्या पोळ्या तुमच्या मामांनी दोन दिवस पुरवून खाल्ल्या."

"म्हणजे तुम्ही घरी पुरण वाटत होतात. हॉस्पिटलात नव्हतातच. मग परवा बापूंना ‘मीच सांगितलं’ असं का म्हणालात?"

मी म्हटलं, "तुमच्या सासूबाईंशी तसं ठरलं होतं."

तो हसला. "मला त्याच दिवशी कळलं होतं, मामी. आईंना कुणी पढवायला लागायचं का? पण तुमच्यावर राग धरणं सोपं होतं. तुमच्याकडे वर्षातनं एकदा यायचं. सासूवर राग धरून घरात तोंड कसं दाखवणार?"

बघा ताई. तुमचा हिशोब आणि जावयाचा हिशोब एकच निघाला. मध्ये मी.

"आणि खरं सांगू का," तो म्हणाला, "मला त्या दिवशी ताप पण होता. बोललो नाही. सासू आजारी आणि जावई भेटायला आला नाही, असं झालं असतं. आलो तर निदान आलो म्हणतील, एवढंच डोक्यात होतं." मग म्हणाला, "माझा वाटा कूलरमधून काढलाय. तुम्हाला पाठवतो. तुम्ही म्हणत होतात ते करा. पण दारावर पाटी लावणार असाल तर त्यात एक लिहा."

काय लिहायचं ते त्याने सांगितलं. मी ते तसंच लिहिलं.

बापूंनी कूलर दिला. आमचे दोन वाटे गेले तेवढी भर त्यांनी स्वतःच्या खिशातून घातली आणि त्याबद्दल कुणाला बोलून दाखवलं नाही, हेही इथे नोंदवते. पाटीवर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. पाणी गार येतं, मी पिऊन बघितलं.

किमोच्या खोलीच्या दाराशी सिस्टरांनी मास्कचं खोकं ठेवायला जागा दिली. त्याच्यावर एक साधा कागद, पारदर्शक पिशवीत घालून चिकटवलेला. स्टील नाही, कुणाचं नाव नाही. मजकूर माझ्या अक्षरात आहे पण बोलणं तुमचं आहे, तुम्हाला ओळखू येईल: ‘सर्दी-खोकला नसला तरी इथे मास्क लावूनच आत या. इथे बसलेल्यांना तुमची साधी सर्दी महाग पडते. ताप असेल तर आज येऊ नका, फोन करा, राग येणार नाही. बोलताना मास्क खाली घेऊ नका. कुणाला ऐकू येत नसेल तर सिस्टरांना सांगा, बाहेर गॅलरीत बोलता येतं. हे सगळ्यांनी पाळायचं. जावयांनीसुद्धा.’

सिस्टरांनी शेवटचा शब्द वाचला आणि विचारलं, "हे ठेवायचं?" मी म्हटलं, तेच तर ठेवायचं आहे, ते जावयानेच सांगितलंय. बाकीचं काढलं तरी चालेल.

गॅलरीचं वाक्य मी घातलंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. याचा अर्थ मी हरले असा घेऊ नका. नियमाला भोक पाडलंय, तेवढंच. लक्ष ठेवून आहे.

मास्क मी हॉस्पिटलच्या खालच्या औषधाच्या दुकानातून घेतले, आपण नेहमी घ्यायचो तिथून. पहिल्या खेपेला दहा खोकी; उरलेल्या पैशांतून महिन्याला लागतील तशी. दुकानदाराने सवयीने विचारलं, "पेशंटचं नाव?" माझ्या तोंडून सवयीने तुमचं नाव गेलं. त्याच्या कॉम्प्युटरात ते होतंच, वयासकट. बिल छापता छापता तो म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी आलात. कशा आहेत आता?"

मी म्हटलं, "मास्क लावायला सांगतायत."

त्याने हसून मान हलवली आणि बिल फाडून दिलं. बिलावर अठराशे रुपये. पेशंट: विमलबाई.